रविवारची पोटदुखी

न्यू जर्सीतील एका आईचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. त्यांचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास, म्हणजे साताऱ्यात दिवेलागण होत असताना, आजीला व्हिडिओ कॉल लावला जातो. आजी विचारतात, “काय रे सोन्या, जेवलास का?” मुलगा “येस” म्हणतो आणि हळूहळू कॅमेऱ्याच्या चौकटीतून बाहेर सरकतो, शेवटी पडद्यावर त्याचा एक कान आणि सोफ्याची पाठ एवढेच उरते. मग आजी सुनेला म्हणतात, “राहू दे गं, त्याला कुठली येणार मराठी.” फोन बंद झाला की आई मुलावर बरसते. गेला महिनाभर रविवारी सकाळीच मुलाचे पोट दुखते. डॉक्टरांनी तपासून शारीरिक कारण काही नाही, असे सांगितले आहे. शाळेच्या दिवशी पोट दुखत नाही. मुलाला मराठीची गोडी कशी लावावी, असे या आईने विचारले आहे.

पोट खरेच दुखत असते, हे आधी सांगितले पाहिजे. या वयातील मुलांची धास्ती पुष्कळदा पोटातून बोलते, आणि त्याला ‘नाटक’ म्हटले की दुखणे जात नाही, फक्त मूल ते सांगायचे थांबते. डॉक्टरांकडे आधी गेलात, हे योग्यच केले.

गोडीचा प्रश्न मात्र मला थोडा बाजूला ठेवावासा वाटतो, कारण माझे लक्ष पत्राच्या अखेरीस जाता जाता आलेल्या एका वाक्यावर खिळले. तुम्ही लिहिता की लहानपणी पाहुणे आले की वडील तुम्हाला पाढे म्हणायला उभे करीत, एकदा एकोणतीसच्या पाढ्यात तुम्ही अडखळलात, पाहुणे हसले, आणि नंतर वडील दोन दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. पुढे कंसात तुम्ही लिहिले आहे, “आता आठवले की हसू येते.”

सेल्मा फ्रायबर्ग या अमेरिकी मनोविश्लेषक बाईंनी 1975 साली आपल्या सहकाऱ्यांसह एक निबंध लिहिला. आईबापांच्या बालपणातील न शमलेली दुःखे भुतांसारखी त्यांच्या बाळाच्या खोलीत येऊन बसतात, अशी त्यांची मांडणी होती. त्यातील निरीक्षण आपल्याकडील मंडळींनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्यांना बालपणी काय घडले ते आठवत होते, पण तेव्हा काय वाटले ते आठवत नव्हते, तेच आईबाप मुलांशी पुन्हा तसेच वागताना त्यांना दिसले; ज्यांना ती वेदनाही आठवत होती, ते बहुधा तसे वागत नव्हते. मंडळाच्या गणपतीत जेवणाची पंगत उठल्यावर आपण वडिलांच्या पट्ट्याचे किस्से किती रंगवून सांगतो आणि सगळे किती मनमुराद हसतात, ते आठवून पाहा. घटना तपशीलवार आठवते, भीतीचा मात्र पत्ता नसतो.

आता रविवारच्या फोनकडे पुन्हा पाहू. “राहू दे गं” हे आजींचे बोलणे नातवाला नव्हते. ते तुम्हाला होते, निदान तुम्हाला तसे लागले. त्या क्षणी न्यू जर्सीतील दिवाणखान्यात फ्रॉक घातलेली एक मुलगी पाहुण्यांसमोर उभी होती आणि तिचा पाढा पुन्हा चुकला होता. तुम्ही रागावलात ती मुलावर, कारण तो जवळ होता आणि लहान होता. आणि आजी तुमच्या यजमानांच्या आई असताना, साताऱ्याची भाषा नातवापर्यंत पोहोचली की नाही याची परीक्षा एकट्या सुनेनेच का द्यावी, हे मला अजून कळलेले नाही. पत्रात फोनच्या वेळी बाबा कुठे असतात, याचा उल्लेखच नाही.

दुसरी गोष्ट अशी की तुमच्या घरात मराठी कशासाठी वापरली जाते, हे दोन दिवस कागदावर टिपून पाहा. अनेक घरांत असे दिसते की शाळा, खेळ, सिनेमा, विनोद हे सारे इंग्रजीत चालते आणि मराठी उरते ती “ऊठ, आवर, जेव, बंद कर तो टीव्ही” एवढ्यापुरती. त्यात भर रागाची, कारण चिडलो की आपण सारेच मायबोलीत उतरतो; दुकानात मुलाला झापायचे असेल तर मुद्दाम मराठीत झापतो, आजूबाजूच्यांना कळू नये म्हणून. (भारतात असताना हेच काम आपण इंग्रजीकडून करून घेत होतो.)

आणि तिसरा उपयोग कुजबुजीचा. तुम्ही लिहिता की यजमानांच्या कंपनीत नोकरकपात सुरू आहे, रात्री स्वयंपाकघरात तुमचे दोघांचे त्याबद्दल बोलणे होते, आणि परवा मुलाने अचानक विचारले, “आपण साठ दिवसांनी जाणार का?” इंग्रजीत विचारले असेल, पण साठ हा आकडा त्याने मराठीतून उचलला आहे. एच-वन बी या अमेरिकेतील नोकरीच्या व्हिसावरील माणसाची नोकरी गेली तर दुसरी सोय लावायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त 60 दिवसांची मुदत मिळते, हे तुमचे बोलणे त्याने ऐकले, अर्धे समजून घेतले आणि उरलेले अर्धे स्वतःच्या भीतीने भरून काढले. परदेशात वाढणाऱ्या पुष्कळ मुलांना मराठी बोलता येत नाही, पण कळते, आणि आपल्याला वाटते त्याहून बरीच अधिक कळते. हुकूम, खरडपट्टी आणि दबक्या आवाजातील काळजी, एवढ्यासाठीच ज्याच्या कानावर मराठी पडते, त्याला रविवारी नऊ वाजता ती हसत हसत बोलून दाखव म्हटले तर त्याची जीभ टाळ्याला चिकटणारच.

तेव्हा या आठवड्यात एक करा. मुलाला शांतपणे जवळ घ्या आणि सांगा, “परवा फोननंतर मी तुझ्यावर ओरडले. तुझं काही चुकलं नव्हतं. आजी मला नावं ठेवतील अशी मला भीती वाटली आणि मी ती तुझ्यावर काढली.” एवढेच, आणि इथेच थांबा. पुढे “पण तूसुद्धा...” आले की आधीचे सगळे वाया गेले असे समजा. त्याला इंग्रजी सोपी जात असेल तर आधी इंग्रजीत सांगा, मात्र नंतर मराठीतही सांगा, कारण या भाषेत माफीही मागता येते, हे त्याला कळायला हवे. व्हिसाबद्दलही नऊ वर्षांच्या मुलाला झेपेल इतके खरे सांगावे: बाबांची नोकरी आज आहे, ती गेली तर काय करायचे याचा विचार आई-बाबा करीत आहेत, आणि काही ठरले तर तुला आधी सांगू. “काही नाही, तू झोप” या उत्तराने आजवर कोणतेही मूल झोपलेले नाही.

ओरडणे पुन्हा घडेल, हेही आताच मान्य करून टाका. एडवर्ड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात आयांना तान्ह्या बाळासमोर काही मिनिटे अगदी निर्विकार चेहरा करून बसायला सांगितले. बाळे आधी हसून, हात पसरून आईला बोलावत, मग कासावीस होऊन तोंड फिरवत; आई पुन्हा नेहमीसारखी वागू लागली की हळूहळू सावरत. (फोनमध्ये डोके घालून बसलेल्या आपल्या चेहऱ्याची इथे आठवण होणे साहजिक आहे.) पुढे त्यांच्या असेही लक्षात आले की चांगल्या मायलेकरांचेही सूर निम्म्याहून कमी वेळ जुळलेले असतात. फरक पडतो तो सूर तुटल्यावर तो पुन्हा जुळवला जातो की नाही, यामुळे. म्हणून स्वतःकडे पाहणे म्हणजे स्वतःला बडवून घेणे नव्हे. आपल्या आयांना हे दुसरे फार सहज जमते आणि त्याचा मुलाला काडीचा उपयोग होत नाही. रडणाऱ्या आईची समजूत घालण्याचे एक नवे काम तेवढे त्याच्या अंगावर पडते.

राग येण्याआधीची खूण मात्र ओळखायला शिका. कोणाचे कान तापतात, कोणाचा जबडा आवळला जातो, कोणी भांडी जोरात आपटू लागते. तुमची खूण कोणती ते यजमानांना विचारा, त्यांना ती नक्की ठाऊक असेल. ती दिसली की उठून पाणी प्या आणि मनाशी विचारा, आत्ता मी नेमकी कोणावर चिडले आहे?

मराठीची गोडी, जी तुम्ही मूळात विचारली होती, ती या सगळ्यातून आडवाटेने येईल. भावनांसाठी आपल्याकडे शब्दांची चंगळ आहे: रुसणे, हिरमुसणे, धास्तावणे, खट्टू होणे, हुरहूर लागणे. आजीसमोर शब्द सापडत नाही तेव्हा तुझे जे होते त्याला ‘ओशाळणे’ म्हणतात, असे त्याला सांगून पाहा. आपल्या त्या अवस्थेला नाव आहे, म्हणजे ती आपल्याआधीही कोणाची तरी झाली असणार, हे मुलांना चटकन कळते. मग एकोणतीसच्या पाढ्याची गोष्टही सांगा, या वेळी कंसातल्या हसण्याशिवाय.

पोटदुखी आणखी काही आठवडे टिकली, शाळेच्या दिवशीही होऊ लागली किंवा झोप आणि भूक बिघडली, तर डॉक्टरांकडे परत जा आणि शाळेतील समुपदेशकांशी बोला. त्यामुळे मुलावर शिक्का बसत नाही.

राहता राहिल्या आजी. त्यांच्याशी बोलण्याचे काम यजमानांकडे द्या आणि ते नातवाच्या गैरहजेरीत होऊ द्या. नातू मराठी समजतो पण बोलायला बिचकतो, त्याला प्रश्न न विचारता काहीतरी दाखवा, एवढाच निरोप पुरे आहे: अंगणातली मांजर, तव्यावर फुगणारी भाकरी, बाबा लहानपणी ज्यावरून पडले तो जिना. फोन मुलाच्या हातात द्यायचा की नाही, हे त्याला ठरवू द्या. पहिले काही रविवार तो फक्त पाहत बसेल. नोव्हेंबरमध्ये न्यू जर्सीतील घड्याळे तासभर मागे गेली की तुमच्या नऊ वाजता साताऱ्यात साडेसात झालेले असतील. आजी भाकरी थापत असतील तर फोन ओट्यावर टेकवून ठेवायला सांगा आणि तुम्ही तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत जा.