पावसाचा दिवस बोलोन्यासाठी राखून ठेवा

पाऊस आहे म्हणून दिवसभर खोलीत बसू नका. इटलीत असाल तर सरळ बोलोन्या शहरात जा. तिथल्या जुन्या भागात बहुतेक फुटपाथांवर कमानींचं छप्परच आहे. 2021 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे.

सकाळी आर्किजिनासिओ या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीतलं 17व्या शतकातलं लाकडी शवविच्छेदनगृह बघा. कातडी सोललेल्या माणसांचे दोन पुतळे आहेत तिथे! (जेवणाआधी की नंतर, ते तुमचं तुम्ही ठरवा.) दुपारी गरम सुपातले तोर्तेल्लिनी, म्हणजे सारण भरलेला छोटा पास्ता. शाकाहारी असाल तर हे नकोच, सारणात डुकराचं मांस असतं.

मग टेकडीवरच्या सान लुकाच्या चर्चपर्यंत 666 कमानींखालून चढा. जवळजवळ 3.8 किलोमीटर, शेवटचा चढ दमवतो, पण डोकं कोरडं राहतं. बूट मात्र न घसरणारे घाला.