कोमोडो की एफएक्स६? आधी पावसाळ्याचे हप्ते मोजा

म्हापशातल्या दोन पार्टनरनी मिळून प्रश्न विचारलाय, तो थोडक्यात सांगतो. लग्नं, रिसॉर्टचे व्हिडिओ, अधूनमधून जत्रेतलं नाटक असं त्यांचं काम, वर्षाची उलाढाल २६ लाख, जीएसटी नंबर आहे, सोनीच्या दोन ए७एस३ कॅमेरा बॉडी आणि त्यांच्या लेन्स आहेत. ओळखीचा एक निर्माता पुढच्या वर्षी सिनेमा करतोय, २० दिवसांचं शूटिंग तुम्हालाच देतो म्हणालाय. त्यामुळे एकाला रेड कंपनीचा कोमोडो हा सिनेमा कॅमेरा घ्यायचाय, पूर्ण सेटचं कोटेशन साडेनऊ लाख. दुसऱ्याला सोनी एफएक्स६, साडेआठ लाख. आणि तिसऱ्याच कोणीतरी ब्लॅकमॅजिक पॉकेट ६के प्रो सुचवलाय. पैसे कुठून, तर सहा लाखांची एफडी मोडायची आणि उरलेलं कर्ज, बँक १२ टक्के म्हणते.

मित्रांनो, एफडीला हात लावू नका. जून ते सप्टेंबर तुमच्याकडे काय काम असतं ते तुम्हीच लिहिलंय, जवळजवळ नाहीच, आणि तुळशीचं लग्न होईपर्यंत लग्नांचा खरा सीझन सुरू होत नाही. त्या महिन्यांत स्टुडिओचं भाडं, दोन पोरांचे पगार, लाइट बिल आणि चवथीचा खर्च कुठून जातो? त्या एफडीच्या भरवशावरच ना. ती कॅमेऱ्यात घातली आणि ऑगस्टमध्ये पैसे कमी पडले तर कॅमेरा पडेल भावाने विकावा लागतो किंवा कुणाकडून तरी महाग व्याजाने उचलावे लागतात, दोन्ही वाईट.

आता कॅमेरे. चांगला कुठला यात मला पडायचं नाही, तुमचं काम कुठला ओढेल एवढंच बघतो.

कोमोडो २०२० मध्ये आला, सेन्सर सुपर ३५ (सिनेमाच्या फिल्मच्या मापाचा), ग्लोबल शटर, म्हणजे पूर्ण फ्रेम एकाच क्षणी टिपली जाते. फोटोग्राफरच्या फ्लॅशने अर्धीच फ्रेम पांढरी होते ती भानगड त्यात नाही, हा लग्नातसुद्धा खरा फायदा आहे, नाही म्हणत नाही. पण बॉडीत एनडी (उजेड कमी करणारा फिल्टर) नाही, म्हणजे दुपारी बारा वाजता समुद्रावर नवरानवरीचं शूट करताना मॅटबॉक्स (लेन्सपुढची फिल्टरची चौकट) आणि फिल्टरशी खेळत बसा. ऑटोफोकस बेताचा. रॉ (प्रक्रिया न केलेलं, जड फाइलचं) रेकॉर्डिंग ६केच्या वरच्या क्वालिटीत ठेवलं तर ५१२ जीबीचं कार्ड पाऊण तासाच्या आसपास भरतं, आणि तुमची लग्नं तीन तीन दिवसांची! कार्डं, हार्ड डिस्क, प्रत्येक डेटाच्या दोन कॉपी, एडिटिंगचा कॉम्प्युटर, हा खर्च त्या साडेनऊ लाखांत धरलेलाच नाही. शिवाय माउंट (लेन्स बसायची जागा) आरएफ, म्हणजे तुमच्या सोनीच्या लेन्स त्याला चालणार नाहीत.

एफएक्स६ तुमच्याच घराण्यातला. लेन्स त्याच, सीएफएक्सप्रेस टाइप ए कार्डं घेतली असतील तर तीपण तीच, फक्त बॅटऱ्या वेगळ्या घ्याव्या लागतील. एनडी आतच आहे आणि कमीजास्त करता येतो. बेस आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) दोन, ८०० आणि १२८००, म्हणजे देवळासमोर रात्री दोन वाजता रंगलेलं नाटक मांडवातल्या लाइटवर धरता येतं. फोरके २५ फ्रेममध्ये ऑल-इंट्राला (प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवणारा फॉरमॅट) तासाला साधारण ११० जीबी, ते तुमच्या आत्ताच्या डिस्कांना झेपेल. ए७एस३ बाजूला बी-कॅमेरा लावला तर रंग जुळवायला रात्र जागायला नको.

पॉकेट ६के प्रो स्वस्त आहे, एनडीपण आहे, सोबत डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंग सॉफ्टवेअरचं लायसन्स येतं. पण सतत फॉलो करणारा ऑटोफोकस नाही, आतली बॅटरी तासभर, आणि लेन्स पुन्हा वेगळ्या. शॉर्ट फिल्म करणाऱ्या पोरांना मी तोच घे सांगेन, तुम्हाला नाही.

सिनेमाचं काय, हा तुमचा खरा मुद्दा. कोमोडो मुंबईहून भाड्याने दिवसाला ७ हजाराला पडतो असं तुम्हीच लिहिलंय. २० दिवसांचे १ लाख ४० हजार. साडेनऊ लाख वसूल व्हायला तसे १३५ च्या वर दिवस लागतात, आणि मेलमध्ये दुसऱ्या सिनेमाचा पत्ताच नाही. वर सिनेमात कॅमेरा बहुतेक वेळा डीओपी (मुख्य छायाचित्रकार) ठरवतो, त्याने ॲलेक्सा (ॲरीचा महागडा सिनेमा कॅमेरा) मागितला की तुमचा कोमोडो म्हापशाला कपाटात. (इफ्फी चित्रपट महोत्सवात चार दिवस फिरून आलं की सगळ्यांनाच ॲलेक्सा हवासा वाटतो, पणजीत हे २००४ पासून चाललंय.) ओटीटीसाठी म्हणाल तर नेटफ्लिक्सच्या मान्य यादीत एफएक्स६ पण आहे आणि कोमोडो पण, त्यामुळे तो वाद तिथेच मिटला. आणि जुन्या कॅमेऱ्याचा विकताना काय भाव येईल तेही बघा, निकॉनने २०२४ मध्ये रेड विकत घेतली आणि २०२५ मध्ये रेडचाच रॉ फॉरमॅट देणारा छोटा झेडआर बाजारात आणला, अशा वेळी २०२० च्या मॉडेलला पूर्ण किंमत मोजायला माझा हात तरी वळणार नाही.

तर एफएक्स६, पण साडेआठ लाखांचा नाही. त्या कोटेशनमध्ये झूम लेन्स, भारी ट्रायपॉड आणि मॉनिटर डीलरने घुसवलाय, ते काढा. बॉडी, चार बॅटऱ्या, कार्डं धरून सहा लाखांत बसवा. दोन लाख फर्मच्या करंट खात्यातून, चार लाख कर्ज, २४ महिने. १२ टक्क्यांनी हप्ता साधारण १८ हजार ८०० येतो. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे ७५ हजार डिसेंबर-जानेवारीत पैसा खेळता असतानाच वेगळ्या खात्यात टाका, मग जूनमध्ये बँकेचा फोन यायचा नाही. कर्ज घ्यायच्या आधी ईडीसीत (गोवा सरकारच्या कर्ज देणाऱ्या महामंडळात) मुख्यमंत्री रोजगार योजनेची चौकशी करा, बसत असलात तर बघा.

सहा लाखांत जीएसटी जवळपास ९१ हजार ५०० असेल, तो तुमच्या आउटपुट टॅक्समधून (ग्राहकांकडून घेतलेल्या जीएसटीतून) वळता होतो, एवढी मोठी रक्कम बिना बिलाच्या मालापायी सोडू नका. कुणीतरी दुबईचा पीस पन्नास हजार स्वस्त देतो म्हणेल, घेऊ नका, जीएसटीचं क्रेडिट नाही, घसारा (वापराने घटणाऱ्या किमतीची करातली वजावट) नाही, विमा क्लेमला बिल नाही, वॉरंटीची बोंब. उरलेल्या ५ लाख ८ हजारांवर घसारा १५ टक्के म्हणजे पहिल्या वर्षी ७६ हजार, पण आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर अर्धाच. म्हणून घ्यायचाच असेल तर ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत कॅमेरा कामाला लागलेला पाहिजे, दिवाळीच्या ऑफरची वाट बघत बसाल तर निम्मी सवलत हुकते. प्रिझम्प्टिव्हमध्ये (उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरून) रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा मिळत नाही, सीएला विचारून घ्या.

विमा काढताना पाण्यात पडणं आणि गाडीतून चोरी होणं कव्हर आहे का ते वाचा. लेन्सला येणारी बुरशी सहसा त्यात धरत नाहीत, तेव्हा ड्राय कॅबिनेट घ्याच, आपल्याकडची जुलैची हवा तुम्हाला सांगायला नको. आणि बीचवरून आलात की मऊ फडक्याने खारटपणा पुसून मगच बॅगेत.

बिल आणि कर्ज दोन्ही फर्मच्या नावावर घ्या, एकाच्या नावावर नको, आणि पार्टनरशिप डीडमध्ये एक ओळ घाला की कोणी बाहेर पडला तर कॅमेऱ्याची किंमत कशी धरायची. निर्मात्याला आजच सांगा की कोमोडो लागला तर भाडं त्याच्या बजेटमधून, आणि त्याचा अर्धा अ‍ॅडव्हान्स शूटच्या महिनाभर आधी खात्यात यायला हवा. तो काय उत्तर देतो ते मला कळवा, त्यावरून ते २० दिवस खरे आहेत की नाही तेही समजेल.