पाळकाची निवृत्ती : चार पत्रे आणि त्यांची उत्तरे

पाळकीय सेवेतून, म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) धर्मगुरूच्या कामातून, निवृत्त होणाऱ्यांविषयी गेल्या अंकात आम्ही एक छोटे टिपण दिले होते. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार येथे संक्षेपाने दिली आहेत. चौथे पत्र उशिरा आले, पण तिसऱ्याशी त्याचा जवळचा संबंध असल्यामुळे ते सोबतच घेतले आहे.

प्रश्न : मी सदतीस वर्षे पाळक म्हणून सेवा केली असून पुढील वर्षी निवृत्त होत आहे. सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षण विद्यालयात, असताना बायबलच्या मूळ भाषांपैकी ग्रीक थोडीफार आली, हिब्रू मात्र परीक्षेपुरतीच झाली. आता एखाद्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला नाव घालावे असे मनात आहे. मुले म्हणतात, या वयात पदवी घेऊन काय करणार? मंडळीतील एका ज्येष्ठ सभासदांनी तर विचारले, ‘म्हणजे इतकी वर्षे तुम्ही आम्हाला शिकवले ते अर्धवट होते काय?’ यावर काय उत्तर द्यावे?

उत्तर : आपल्या मुलांच्या प्रश्नापेक्षा त्या सभासदांचा प्रश्न सरस आहे, म्हणून आधी तो घेतो. त्यांना मोकळेपणाने सांगावे की होय, काही अंशी ते अर्धवट होते. ज्याला दर रविवारी प्रवचन उभे करायचे असते आणि मधले सहा दिवस विवाह, अंत्यविधी, रुग्णभेटी व छपराच्या गळतीवरील बैठका यांत घालवायचे असतात, तो एखाद्या वचनाचा अर्थ हाताशी वेळ असेल तेवढ्यात लावतो आणि एकदा टिपण तयार झाले की पुढे तीस वर्षे तेच टिपण काढून वाचतो. यात आळस नसतो, सवड नसते. उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या नगराचे बिशप ऑगस्टीन यांनी वयाच्या बहात्तरीच्या आसपास, इ. स. ४२६-४२७ च्या सुमारास, स्वतःचे जुने लेखन कालक्रमाने पुढ्यात घेतले, ९३ ग्रंथ पुन्हा तपासले आणि आपण कोठे चुकलो, कोठे घाईने विधान केले, कोठे वाचकाचा गैरसमज होऊ शकेल, हे एकेका ग्रंथाखाली नोंदवून ठेवले. सभासदांनी पुन्हा विचारले तर त्यांना हे सांगावे.

ऑगस्टीन यांचाच आणखी एक प्रसंग आपल्या उपयोगाचा आहे. ४२६ च्या सप्टेंबरात त्यांनी लोकांना जमवून एराक्लियस नावाच्या प्रेस्बितरला (बिशपच्या हाताखालील धर्मसेवकाला) आपला उत्तराधिकारी म्हणून जाहीर केले आणि त्याच सभेत लोकांना ऐकवले की, आठवड्यातील पाच दिवस मला पवित्र शास्त्राच्या अभ्यासासाठी मोकळे द्याल असे तुम्ही पूर्वी कबूल केले होते, ते थोडे दिवस पाळले आणि मग मोडले. आता आपली कामे घेऊन याच्याकडे जा. सोळाशे वर्षांपूर्वीची ही तक्रार वाचताना मला हसू येते, कारण निवृत्तीनंतरच्या पहिल्याच महिन्यात माझ्याही दारात तीच माणसे तीच कामे घेऊन उभी होती.

आता पदवी. पदवीला शुल्क असते, मुदती असतात आणि शेवटी प्रबंध असतो; आपल्याला पुढे कोठे शिकवायचे असेल तर हे सगळे करावे, नाहीतर पहिले वर्ष केवळ भाषेला द्यावे. मी एकसष्टाव्या वर्षी हिब्रू पुन्हा हातात घेतली तेव्हा पहिले दोन महिने दालेथ आणि रेश या दोन अक्षरांत गेले. दोघांचा आकार जवळपास सारखा, फक्त दालेथचा कोपरा टोकदार आणि रेशचा गोलसर. बारीक टाइपात तो फरक माझ्या चष्म्यापलीकडचा होता. पुढे कळले की जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या ६:४ मधील ‘एहाद’, म्हणजे ‘एक’, या शब्दातील दालेथ हस्तलिखितांत मुद्दाम मोठा काढतात. त्याचे एक परंपरागत कारण असे सांगतात की तो चुकून रेश वाचला गेला तर ‘परमेश्वर एकच आहे’ याऐवजी ‘परमेश्वर अन्य आहे’ असे काहीतरी होऊन बसेल. ज्या वचनावर मी निदान वीस प्रवचने दिली असतील, त्यातले हे अक्षर मला तोवर दिसलेच नव्हते. आपण योनाच्या पुस्तकापासून आरंभ करावा. एकंदर ४८ वचने आहेत, रोज एक घेतले तरी दोन महिन्यांच्या आत एक पूर्ण पुस्तक मूळ भाषेत वाचून होते आणि त्याने जो धीर येतो तो व्याकरणाच्या तक्त्यांनी येत नाही.

वय आड येते म्हणणाऱ्यांना पंडिता रमाबाईंचे नाव सांगावे. त्यांनी चाळिशी ओलांडल्यावर हिब्रू व ग्रीक यांचा कसून अभ्यास केला आणि १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंतची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. चीनमध्ये सेवा केलेले रोलंड अ‍ॅलन उतारवयात केनियात जाऊन राहिले, तेथे स्वाहिली शिकले आणि त्या भाषेतील मुस्लिम परंपरेच्या काव्यांचे अनुवाद करू लागले. त्यांना त्यातून कोणती पदवी मिळणार होती?

प्रश्न : मी तीन वर्षांपासून एका मंडळीचा पाळक आहे. माझ्या आधीचे पाळक निवृत्त होऊन जवळच राहतात. ते मनाने चांगले आहेत, पण सभासद त्यांच्याकडे जाऊन माझे निर्णय पडताळून घेतात आणि तेही ‘मी असतो तर’ असे म्हणून मत देतात. मला मार्गदर्शन हवे आहे, देखरेख नको. हे कसे सांगावे?

उत्तर : बहुतेक पंथांत असा लेखी नियम किंवा निदान रूढ संकेत आहे की निवृत्त पाळकाने आपल्या जुन्या मंडळीत, विद्यमान पाळकाने बोलावल्याशिवाय, विवाह, बाप्तिस्मा किंवा अंत्यविधी करू नये, काही ठिकाणी तर ठराविक काळ त्या मंडळीच्या उपासनेलाही येऊ नये असे सांगतात. तो संकेत कठोर वाटतो, परंतु तुमचे पत्र वाचल्यावर तो कशासाठी आहे हे कळते. तुम्ही नियमाचा कागद पुढे करू नये. त्यांच्या घरी जावे आणि एक नेमकी गोष्ट मागावी. ‘मला मार्गदर्शन करा’ असे मोघम म्हटले की ज्येष्ठ माणूस सगळ्याच गोष्टींचे मार्गदर्शन करू लागतो; ‘आत्महत्या झालेल्या घरी पहिल्या भेटीत मी काय बोलावे हे मला कळत नाही, तुम्ही काय करत होता ते सांगा’ असे विचारले की ते तेवढेच सांगतील, आणि ते सांगणे तुम्हाला कोणत्याही पुस्तकात मिळणार नाही. सभासदांचे येणे-जाणे हा विषय त्याच भेटीत, पण शेवटी, साध्या शब्दांत काढावा: ‘माझ्याविषयी कोणी काही घेऊन आले तर त्यांना आधी माझ्याकडे पाठवाल का?’

निवृत्त पाळकही हे सदर वाचतात, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक वाचताना नावांच्या क्रमाकडे लक्ष द्यावे. तार्ससला जाऊन शौलाला, म्हणजेच पुढे पौल म्हणून ओळखल्या गेलेल्या प्रेषिताला, शोधून अंत्युखियास आणणारा बर्णबा होता, तेथे वर्षभर दोघांनी मिळून शिकवले आणि तोवर क्रम ‘बर्णबा व शौल’ असा येतो. तेराव्या अध्यायाच्या मध्यावर तो ‘पौल व त्याच्या सोबतचे’ असा होतो. बर्णबाने त्याबद्दल काही म्हटल्याची नोंद नाही. पुढे योहान मार्क या सहकाऱ्याला सोबत न्यावे की नाही यावरून दोघांचे कडाक्याचे भांडण झाले आणि ते वेगळे झाले हेही तेथेच लिहिले आहे, आणि ज्या मार्काला पौलाने नाकारले होते त्यालाच तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो ‘घेऊन ये, तो माझ्या उपयोगाचा आहे’ म्हणतो. ज्याला बर्णबाने सांभाळले तो शेवटी पौलाच्या कामी आला. माझा स्वतःचा आग्रह असा की मार्गदर्शन करायचे तर आपल्या जुन्या मंडळीबाहेरच्या तरुण पाळकांना करावे. तेथे आपली तुलना कोणाशी होत नाही आणि आपल्या जुन्या निर्णयांचा बचावही करावा लागत नाही.

प्रश्न : मी मंडळीचा खजिनदार आहे. आमच्या निवृत्त पाळकांची परदेशातील एका लहान मंडळीशी ओळख झाली असून ते स्वतःच्या निवृत्तिवेतनातून तेथील पाळकाला दरमहा पैसे पाठवतात. आता त्या पाळकाचा पगार आपल्या मंडळीने कायमचा उचलावा असा त्यांचा आग्रह आहे. रक्कम आम्हाला जड नाही. तरीही मन घेत नाही. आमचे चुकते आहे काय?

उत्तर : चुकत नाही. मदत करावी, पण पगार उचलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्याची कारणे सविस्तर देतो, कारण हा प्रश्न अनेक मंडळ्यांपुढे आहे.

ज्याचा पगार दूरच्या देशातून येतो, तो पाळक हळूहळू दूरच्या देशाला उत्तरदायी होतो. त्याच्या मंडळीला वर्गणीची गरज वाटेनाशी होते, आणि जी मंडळी पाळकाला पोसत नाही ती त्याला जाबही विचारत नाही. पैसे पाठवणारे पाळक वारले किंवा त्यांच्या मंडळीत फूट पडली की तिकडचे घर एका महिन्यात उघड्यावर येते. चर्च मिशनरी सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन आणि अमेरिकेतील एका मिशन संस्थेचे सचिव रुफस अँडरसन या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच हे ओळखले होते. नव्या मंडळीने आपला कारभार आपण चालवावा, आपला खर्च आपण उचलावा आणि सुवार्ता आपण पसरवावी, तरच मिशनचे काम संपले म्हणता येईल, अशी त्यांची मांडणी होती. ती पुष्कळदा सांगितली गेली आणि पुष्कळदा मोडली गेली, कारण पैसे देणे सोपे असते आणि देणाऱ्याला त्यात आपण आवश्यक असल्याचा आनंद मिळतो. निवृत्त माणसाला तो आनंद जरा जास्तच लागतो, हे मी स्वानुभवाने लिहितो.

पौलाने यरुशलेमातील गरिबांसाठी परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, मंडळ्यांतून वर्गणी गोळा केली, तो व्यवहार खजिनदारांनी मुद्दाम अभ्यासावा. करिंथकरांस, म्हणजे करिंथ नगरातील मंडळीला, त्याने सांगितले की प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी थोडे बाजूला ठेवावे, म्हणजे मी आल्यावर गोळा करण्याची धावपळ नको; रक्कम नेणारी माणसे मंडळ्यांनी निवडावीत, मी त्यांना पत्रे देईन. एवढ्या मोठ्या रकमेबाबत आपल्यावर कोणी ठपका ठेवू नये, केवळ प्रभूपुढे नव्हे तर माणसांपुढेही व्यवहार स्वच्छ दिसावा, हे कारण तो करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (८:२०-२१) उघड लिहितो. प्रेषितांची कृत्ये २०:४ मध्ये त्याच्यासोबत निघालेल्या सात जणांची नावे, बहुतेकांच्या गावा-प्रांतासह, आहेत, आणि ते आपापल्या मंडळ्यांची वर्गणी घेऊन निघाले होते असे अनेक अभ्यासक मानतात. प्रत्यक्ष पौलाने पैसा एकट्याच्या हाती ठेवला नाही. तेव्हा एका निवृत्त पाळकाच्या ओळखीवर, एका व्यक्तीच्या खाजगी खात्यात, कायमची रक्कम पाठवणे कितीही सद्भावाचे असले तरी तुम्ही थांबवायला हवे. पैसे मंडळीकडून मंडळीकडे, दोन्ही देशांच्या कायद्यात बसतील अशा मार्गाने, तेथील निदान दोन माणसांच्या सहीने जावेत.

मग मदत कशाला करावी? शिक्षणाला आणि पुस्तकांना, असे मी म्हणेन. लंडनच्या ऑल सोल्स चर्चचे जॉन स्टॉट यांनी १९७५ मध्ये मंडळीची मुख्य जबाबदारी सोडली आणि पुढील कितीतरी वर्षे आपल्या ग्रंथांच्या मानधनातून गरीब देशांतील पाळकांना पुस्तके मिळावीत, तेथील अभ्यासकांनी उच्च शिक्षण घेऊन मायदेशी परत जाऊन शिकवावे, यासाठी व्यवस्था उभी केली. ग्वाटेमालात १९६३ मध्ये एका प्रेस्बिटेरियन सेमिनरीने याहून साधी गोष्ट केली: घरदार आणि शेती सोडून जे वसतिगृहात येऊ शकत नव्हते त्यांच्याकडे स्वाध्यायाची पाने पाठवली आणि शिक्षकच ठराविक दिवशी त्यांच्या भागात जाऊ लागले. अशा अभ्यासक्रमाचे शुल्क तुमची मंडळी त्या पाळकासाठी तीन वर्षे भरू शकेल. त्याला आरंभ आहे आणि शेवटही आहे.

पुस्तकांबाबत मात्र एक इशारा देतो. निवृत्तीच्या वेळी मी बायबलवरील माझ्या इंग्रजी टीकाग्रंथांची (भाष्यांची) चार खोकी एका दूरच्या मंडळीला पाठवली आणि स्वतःवर खूश झालो. वर्षभराने तेथील पाळकांनी अतिशय नम्र पत्र लिहिले. त्यात आभार होते आणि अगदी शेवटच्या ओळीत, जाता जाता, एवढेच होते की खोकी सोडवण्यासाठी जकात भरावी लागली. त्यांच्यापैकी एकालाच इंग्रजी वाचता येत होती. त्या रकमेत त्यांच्या भाषेतील किती पुस्तके आली असती, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

प्रश्न : मीच तो निवृत्त पाळक, ज्यांच्याविषयी आमच्या खजिनदारांनी आपणास लिहिले आहे, त्यांनी मला पत्र दाखवले, मला राग नाही. त्या मंडळीने मला महिनाभर येऊन राहण्याचे व त्यांच्या तरुण सेवकांना शिकवण्याचे निमंत्रण दिले आहे. जावे, की प्रवासखर्चाची रक्कमच पाठवावी?

उत्तर : आपण पत्र लिहिलेत याचा आनंद वाटला. जावे. पण जाण्यापूर्वी त्यांना विचारावे की त्यांना कोणता विषय हवा आहे, आणि त्यांच्याकडूनही आपण काही शिकायला येत आहोत हे कळवावे. करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (८:१४) पौल देवघेव दुहेरी मानतो, आज तुमच्या विपुलतेने त्यांची उणीव भरावी आणि पुढे त्यांच्या विपुलतेने तुमची.

जॉन नेव्हियस हे चीनमध्ये साडेतीन दशके काढलेले मिशनरी १८९० मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, कोरियातील तरुण मिशनऱ्यांच्या बोलावण्यावरून तेथे गेले. त्यांनी आपला अनुभव सांगितला: नवख्रिस्ती माणसाने आपला कामधंदा सोडून मिशनच्या पगारावर येऊ नये, प्रार्थनामंदिरे तेथील लोकांनी आपल्या पद्धतीने आणि आपल्या पैशाने बांधावीत, जेवढे तेथील मंडळीला चालवता येईल तेवढेच उभारावे. मग ते परत गेले आणि तीन वर्षांनी वारले. तरुणांनी त्यांचे म्हणणे उचलून धरले, आणि कोरियातील प्रेस्बिटेरियन मंडळ्यांच्या वाढीविषयी बोलताना आजही त्या भेटीचा उल्लेख होतो. नेव्हियस तेथे सुमारे दोन आठवडे राहिले होते. आपला महिना मला थोडा लांब वाटतो.