तर्री-पोह्यांच्या दुकानाच्या रील्ससाठी फॉलोअर विकत घ्यावेत का?
नाही, घेऊ नयेत. लाइक्स किंवा फॉलोअर कृत्रिमरीत्या जमवणे इन्स्टाग्रामच्या नियमांत बसत नाही, आणि असे फॉलोअर आढळल्यास ते काढून टाकले जातात, शिवाय अकाउंटवर निर्बंधही येऊ शकतात. नागपुरातील काही दुकानांची अकाउंट मी सांभाळतो, त्या अनुभवावरून सांगतो की विकतचे फॉलोअर रील पाहत नाहीत आणि पोहे खायला बर्डीवर (म्हणजे नागपूरच्या सीताबर्डी भागात) येण्याचा तर प्रश्नच नाही. त्यापेक्षा पोह्यांवर लालभडक तर्री पडते तो क्षण अगदी सुरुवातीलाच दाखवावा आणि गाजलेले चित्रपटगीत जोडण्याऐवजी (हा मोह फार जणांना होतो) व्यावसायिक वापरास परवानगी असलेलेच संगीत घ्यावे. मात्र इन्स्टाग्रामलाच पैसे देऊन रीलची जाहिरात करणे नियमबाह्य नाही. त्यात ठिकाण म्हणून नागपूर निवडता येते.