11 सप्टेंबरचं तिकीट आणखी पडेल म्हणून थांबायचं का?

जुलै 2025 मधली गोष्ट. तासगावच्या एका रिटायर गुरुजींचा मेसेज आलाय, मोठा आहे, थोडक्यात सांगतो. मुलगा न्यू जर्सीला, सुनेची डिलिव्हरीची तारीख 4 ऑक्टोबर, दोघांचा व्हिसा झालाय, फेब्रुवारीत परत यायचंय. तिकिटं काढून देणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने सांगितलंय की 11 सप्टेंबरचं तिकीट घ्या, त्या दिवशी अमेरिकेत ते टॉवर पडले होते म्हणून लोक विमानात बसायला घाबरतात, आत्ता एकाला 1 लाख 4 हजार दाखवतंय पण आठ दिवस आधी 80 वर येईल, थांबा. काकू म्हणतात ती तारीख नको, शिवाय पितृपक्ष, घट बसले की 24 तारखेला जाऊ. 24 चं तिकीट एकाला 1 लाख 16 हजार. पैसे तीन लाखाची एफडी मोडून भरायचा विचार आहे. मुलगा तिकीट काढतो म्हणतोय पण गुरुजींना पोराच्या पैशाने जायचं नाही, त्यावर मी काही बोलणार नाही, माझे वडील पण तसेच होते.

गुरुजी, आधी तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉटच नीट बघूया, कारण उत्तर त्यातच आहे. 9 सप्टेंबर 1 लाख 4 हजार, 10 ला तेवढंच, 11 ला तेवढंच, आणि 12 ला शुक्रवार म्हणून अडीच हजार जास्त. आता मला सांगा, 11 तारखेच्या भीतीने भाव पडला असता तर तो फक्त 11 ला पडायला पाहिजे होता ना? 9 तारखेला कोण कशाला घाबरेल! सगळा आठवडाच स्वस्त आहे आणि त्याचं कारण अगदी साधं आहे, अमेरिकेत शिकायला जाणारी पोरं ऑगस्टमध्येच गेलेली असतात, सुट्टीत आलेले एनआरआय पण शाळा उघडतात म्हणून परत गेलेले असतात, तिकडे लेबर डे झाला (2025 ला 1 सप्टेंबर) की त्यांचा पण उन्हाळ्याचा सीझन संपतो. पुढची गर्दी दिवाळी आणि मग डिसेंबर. मधले हे दिवस म्हणजे एअरलाईनचा भाद्रपद, गिऱ्हाईक कमी. त्यात 11 तारीख येते एवढंच.

तुमच्या ओळखीच्या माणसाची गोष्ट पूर्ण खोटी पण नाही, जुनी आहे. 11 सप्टेंबर 2001 ला चार विमानं पळवून पाडली, जवळपास तीन हजार माणसं गेली, अमेरिकेचं आकाश प्रवासी विमानांना दोन दिवस बंद होतं आणि शेअर बाजार 17 तारखेला उघडला. त्यानंतर खरंच लोक विमानात बसत नव्हते, सरकारला कंपन्यांना 5 अब्ज डॉलर रोख द्यावे लागले, त्याशिवाय कर्जाला हमी वेगळी. पहिल्या वर्षश्राद्धाला, म्हणजे 11 सप्टेंबर 2002 ला, बुकिंग एवढं कमी होतं की स्पिरिट नावाच्या कंपनीने त्या दिवसाची तिकिटं चक्क फुकट वाटली. पण त्याच दिवशी बाकीच्या कंपन्यांनी काय केलं ते लक्षात घ्या, त्यांनी त्या दिवसाच्या फेऱ्याच कमी केल्या. गिऱ्हाईक कमी तर सीटा पण कमी, भाव कशाला पाडतील. आणि आता त्याला 24 वर्षं होतायत. 22 जून 2025 ला अमेरिकेच्या एअरपोर्टवर एका दिवसात 30 लाखांच्या वर लोक तपासणीतून गेले. त्या देशाने ती तारीख विसरलेली नाही, पण तिच्यासाठी विमान रिकामं पण ठेवत नाही.

एक गंमत सांगतो. तुमच्या तिकिटात करांची यादी असते ती उघडून बघा, त्यात एवाय अशा दोन अक्षरांपुढे 5.60 डॉलर असेल. ती अमेरिकेची सप्टेंबर 11 सिक्युरिटी फी, तिथल्या एअरपोर्टवरून निघणाऱ्या प्रवासाला लागते, म्हणजे तुम्हाला परतीच्या वेळेला. जुलै 2025 च्या डॉलरने साधारण 480 रुपये. म्हणजे त्या तारखेने तुमच्या तिकिटाच्या भावावर काही केलं असेल तर ते एवढंच, आणि ते पण वाढवायच्या बाजूने, मग तुम्ही कुठल्याही महिन्यात जावा.

आता थांबायचा मुद्दा. तुम्ही बेदाण्याचं उदाहरण दिलंत की सौद्यात भाव बरा नव्हता म्हणून माल कोल्ड स्टोरेजला ठेवला, तसंच थांबू. पण तिथे माल तुमचा आहे आणि तुम्ही विकणारे आहात ओ, इथे तुम्ही घेणारे आहात. आणि विमानाची सीट कोल्ड स्टोरेजला ठेवता येत नाही, उडालं की संपली. यावरून सगळ्यांना वाटतं की मग शेवटी कंपनी पडेल भावात देऊन टाकत असेल, वडापच्या जीपला शेवटची दोन सीटं भरायला ड्रायव्हर ओरडतो तसं. विमानात बरोबर उलटं असतं. शेवटच्या आठ दिवसांत कोण येतो? ज्याच्या घरात कोण आजारी आहे, ज्याला ऑफिसने पाठवलंय, ज्याला गेल्याशिवाय गत्यंतर नाही. तो सव्वा लाख पण देतो आणि दीड पण देतो, हे कंपनीला माहिती आहे. म्हणून एकाच डब्यातल्या एकसारख्या सीटांचे दहा-बारा भाव केलेले असतात, स्वस्त भावाच्या थोड्या, त्या संपल्या की वरचा भाव. त्यामुळे एक युक्ती करा, साईटवर आधी एकाच माणसाचं तिकीट शोधून बघा आणि मग दोघांचं. स्वस्त भावाची एकच सीट उरली असेल तर दोघांचं शोधताना कॉम्प्युटर दोघांनाही वरचा भाव लावतो, अशा वेळी वेगवेगळी तिकिटं काढायची आणि नंतर फोन करून एकत्र प्रवास करतोय असं नोंदवून घ्यायचं.

थांबण्याचा फटका मी स्वतः खाल्लाय म्हणून एवढं लिहितोय. 2019 च्या उन्हाळ्यात घरच्यांना घेऊन जायचं होतं, रोज रात्री जेवण झालं की मोबाईलवर भाव बघायचो आणि बायकोला सांगायचो अजून पडेल. एप्रिलमध्ये एक मोठी विमान कंपनी बंद पडली, बाजारातल्या सीटाच कमी झाल्या आणि चार दिवसांत भाव कुठच्या कुठे. दुसऱ्यांना सल्ला देणारा माणूस आणि स्वतः रेल्वेने गेला. यंदा पण बघा ना, 12 जून 2025 ला अहमदाबादची दुर्घटना झाली, विमानातल्या 242 पैकी 241 माणसं गेली, त्यानंतर काही लोक घाबरले असतील पण एअर इंडियाने मोठ्या विमानांच्या परदेशी फेऱ्या 15 टक्के कमी केल्या त्या पण आहेतच. एप्रिल 2025 पासून आपल्या विमानांना पाकिस्तानवरून जाता येत नाही, लांबून जावं लागतं, इंधन जास्त. हे सगळं भाव वर न्यायच्या बाजूचं आहे. 48 हजार वाचतील म्हणून थांबायचं, आणि उद्या तिकीट एकाला सव्वा लाख झालं तर दोघांचे 42 हजार जास्त जाणार. माझ्या मते पडायची शक्यता कमी आणि चढायची जास्त, अशा सौद्यात तुम्ही तरी माल सोडाल का?

काकूंच्या भीतीबद्दल. त्यांनी महिनाभर टीव्हीवर तो धूर बघितलाय, त्यांना आकडे सांगून काही होणार नाही, तरी गुरुजी तुमच्यासाठी एक सांगतो. 2001 नंतर वर्षभर अमेरिकेत लोक विमान सोडून गाडीने लांबचा प्रवास करायला लागले, गिगेरेन्झर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने हिशोब मांडला तर त्या वर्षात रस्त्यावर साधारण 1,500 माणसं जास्त मेली असा अंदाज निघाला. तेव्हा तासगावातून रात्रीची भाड्याची गाडी करून, पेंगत्या ड्रायव्हरच्या भरवशावर खंबाटकी उतरत मुंबईला जायचा बेत असेल तर तो आधी रद्द करा. सांगलीत महालक्ष्मीला बसायचं, सकाळी मुंबई. विमानाचं मग बघू.

पण 11 तारीख काकूंना नको असेल तर ती देऊच नका, कारण ती टाळायला एक रुपया लागत नाहीये! 9 आणि 10 चा भाव तोच आहे. मी 9 ची घेईन. 10 तारखेची रात्रीची फ्लाइट घेतली तर उतरणार 11 ला, मग परत तेच. आणि 9 ची वेळ नीट वाचा, तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये 02:10 लिहिलंय. म्हणजे 8 तारखेची रात्र संपून 9 लागल्यावर पहाटे दोन वाजता, 8 ला रात्री दहाच्या आत तुम्ही एअरपोर्टवर पाहिजे. यात शिकलेली माणसं चुकतात, 9 ला संध्याकाळी बॅगा घेऊन पोचतात आणि विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. तुम्ही 7 ला रात्री महालक्ष्मीत बसा, 8 चा दिवस पाहुण्यांकडे आराम.

राहिला पितृपक्ष, तो 2025 ला 8 ते 21 सप्टेंबर. त्याच्या आधी निघावं म्हटलं तर 7 ला ग्रहण, 6 ला अनंत चतुर्दशी, त्या दिवशी मुंबईत एअरपोर्टला पोचणं म्हणजे विसर्जनाच्या मिरवणुकीत बॅगा घेऊन नाचत जाणं. असे दिवस गाळत बसलो तर बाळ शाळेत जाईल. मी काही भटजी नाही, वडिलांची तिथी धाकट्या भावाने घातली तर चालतं का ते तुम्ही घरात ठरवा. मला फक्त पैशाचं कळतं आणि पैशात पितृपक्ष टाळायची किंमत 24 हजार आहे. ती देण्यात काही चूक नाही, तुम्हाला 38 हजार पेन्शन आहे, झेपेल. काकू पाच महिने मनात किडा घेऊन तिकडे राहणार असतील तर 24 हजार जाऊ द्या. फक्त एक विचार करा, डिलिव्हरी 4 ऑक्टोबरची दिलीय, बाळं कॅलेंडर बघून येत नाहीत, पंधरा दिवस आधी आलं तर त्या पोरीजवळ कोण असेल? ती एकटी पडेल त्याची किंमत मला काढता येत नाही. हे काकूंना सांगा, विमानाचे आकडे सांगण्यापेक्षा हे पटेल.

आता एफडी. मोडू नका. पावती तुम्ही पाठवलीय, नोव्हेंबर 2024 ला 7.1 टक्क्याने वर्षासाठी ठेवलेली. आज मोडली तर बँक आठ महिन्यांचा दर धरणार 6 आणि त्यात 1 टक्का दंड, म्हणजे हातात 5 टक्के. आत्तापर्यंत 14,200 व्याज झालं असतं त्याऐवजी 10,000 मिळणार, 4,200 गेले. आणि उरलेले परत ठेवायला गेलात तर तो दर आता मिळणार नाही, रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून 2025 मध्ये रेपो दर (ती बँकांना पैसे देते तो दर) साडेसहावरून साडेपाचवर आणलाय. त्यापेक्षा त्याच एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे एफडी न मोडता तिच्या तारणावर लागतील तेवढे पैसे उचलायचे, बहुतेक बँका एफडीच्या दरापेक्षा 1 टक्का जास्त लावतात. 2 लाख चार महिने वापरले तर 8.1 टक्क्याने 5,400 व्याज जाईल, पण तेवढ्याच पैशावर एफडी तुम्हाला 4,733 देत राहील, खरा खर्च 667 रुपये. वरचे 8 हजार सेव्हिंगमधून घाला, बाकी सेव्हिंगला हात लावू नका. तिकडे गेल्यावर तुमचा इथला खर्च लाइटबिलाएवढा, पेन्शन येईल ती ओव्हरड्राफ्टमध्ये भरायला सांगून जावा. बेदाणा घाईत काढू नका, दिवाळीच्या मागणीत भाव बघून भावाला विकायला सांगा.

तिकीट एअरलाईनच्या स्वतःच्या साईटवरूनच काढा. अमेरिकेच्या विमानांना निघायला अजून सात दिवस किंवा जास्त असतील तर पहिले 24 तास फुकट रद्द करायची नाहीतर भाव धरून ठेवायची सोय असते, बुक करताना ती अट वाचून घ्या. तारीख बदलायला किती लागतात ते पण बघा, फेब्रुवारीचं परतीचं पुढेमागे होणारच. बॅगा किती किलोच्या ते तिकिटावर लिहिलेलं असतं, काही स्वस्त भावांत एकच बॅग असते आणि काकूंचं मेतकूट आणि डिंकाचे लाडू एका बॅगेत बसायचे नाहीत.

ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये मात्र काटकसर करू नका. काकूंची बीपीची गोळी फॉर्ममध्ये लिहा म्हणजे लिहा, एजंट म्हणेल काय गरज नाही, त्याचं ऐकू नका, क्लेमच्या वेळी तेच काढतात. आधीच्या आजारासाठी किती कव्हर आहे, त्याला फक्त जीवावर बेतलं तरच पैसे आहेत का, हे विचारून घ्या.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण नोव्हेंबरमध्ये तुम्ही तिकडे असणार, म्हणजे हयातीचा दाखला. पेन्शन ज्या बँकेत येते तिथे जायच्या आधीच विचारा की परदेशातून त्यांना कुठला दाखला चालतो, न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीतून मिळतो, मुलाला तारीख काढून ठेवायला सांगा. बँकेला जोडलेलं सिमकार्ड पण सोबत न्या आणि त्यावर ओटीपी तिकडे येईल अशी सोय सांगलीत असतानाच कंपनीच्या दुकानात जाऊन चालू करून घ्या.