आकडा आधी ठरव, बैठक नंतर

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

आपत्ती जोखमीच्या कारभारात तू आता काम करणार, म्हणून हे पत्र. पूर, वादळ, उष्णतेची लाट यांचे अंदाज आज पुष्कळदा वेळेवर हाती येतात. तरीही माणसं मरतात, ती बरेचदा अंदाज आणि निर्णय यांच्या मधल्या तासांत. ते तास कोणाच्या ताब्यात असतील हे आधीच लिहून ठेवणं, हा या कामाचा गाभा आहे.

सुरुवात जुन्या नोंदींपासून कर. जुलै 2021मध्ये जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यात 130हून जास्त माणसं गेली. तिथले पूरनकाशे जलमापन केंद्राच्या सुमारे 70 वर्षांच्या नोंदींवर बेतलेले होते. त्याच नदीला 1804 आणि 1910मध्ये महापूर आले होते, पण केंद्र तेव्हा नव्हतं, म्हणून ते हिशेबातच धरले गेले नाहीत. फुकुशिमाचंही तसंच. जपानच्या त्या किनाऱ्यावर इसवी सन 869मध्ये मोठी त्सुनामी आल्याच्या खुणा वाळूच्या थरांत सापडल्या होत्या. अणुवीज केंद्राने मात्र 5.7 मीटरची लाट गृहीत धरली होती. 2011मध्ये आलेली लाट सुमारे 14 मीटरची होती, आणि आपत्कालीन जनरेटर बहुतेक तळघरांत होते. तेव्हा नोंदवही कुठे सुरू होते ते आधी बघ. तिच्या मागे जायला जुन्या पुलांवरच्या पाणीखुणा, प्रार्थनास्थळांची दफ्तरं, गाळाचे थर, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, सगळं उपयोगी पडतं.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हे शब्द लोकांसमोर वापरू नकोस. ऐकणाऱ्याला वाटतं, मागच्याच वर्षी येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू. खरा अर्थ आहे दर वर्षी 1 टक्का शक्यता. 30 वर्षं त्या घरात राहणाऱ्यासाठी ती 26 टक्के होते. हवामान बदलून वर्षाची शक्यता 2 टक्क्यांवर गेली, तर तीच 45 टक्क्यांच्या पुढे जाते. आणि ती स्थिर राहणार नाहीच: हवा 1 अंशाने तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे मुसळधार पाऊस आणखी जोराने कोसळतो. म्हणून आराखड्यातल्या प्रत्येक आकड्याशेजारी दोन गोष्टी असाव्यात: तो कोणत्या काळातल्या नोंदींवरून काढला आणि पुन्हा कधी तपासायचा. तपासणीची तारीख नसलेला आकडा वीस-वीस वर्षं तसाच पुढच्या आराखड्यात उतरवला जातो.

आता घड्याळ. यावर सगळ्यात जास्त वेळ घाल. धोक्याच्या क्षणापासून उलटं मोजत ये. समज, वस्ती रिकामी करायला 6 तास लागतात, निरोप शेवटच्या घरापर्यंत पोचायला 2, वाहनं गोळा करायला 1 आणि वरिष्ठांची बैठक होऊन आदेश निघायला 3. झाले 12. नदीचा भरवशाचा अंदाज मिळतो 9 तास आधी. म्हणजे कागदावर सुंदर दिसणारी ही योजना 3 तासांनी हरलेली आहे. यात कमी करता येण्यासारखं काय आहे? लोकांची चाल तू वाढवू शकत नाहीस. बैठकीचे 3 तास मात्र आजच, कोरड्या दिवसात, संपवून टाकता येतात. वरच्या अमुक केंद्रावर पाणी अमुक पातळीला पोचलं की हजर अधिकाऱ्याने कोणालाही न विचारता आदेश द्यायचा, असं लेखी ठरव. पदाचं नाव लिही, ती व्यक्ती रजेवर असेल तर दुसरं आणि तिसरं पदही लिही. ते मापन केंद्रच वाहून गेलं तर कोणती खूण मानायची, तेही. आर खोऱ्यात ऐन पुरात तसंच झालं.

इशारा वाया गेला तर? ही भीती अधिकाऱ्यांना गप्प बसवते. तिचा हिशेब सोपा आहे. कृतीचा खर्च 1 आणि तिने वाचणारं नुकसान 10 असेल, तर 10 टक्क्यांहून जास्त शक्यता दिसताच कृती करणं फायद्याचं. म्हणजे दहापैकी आठ वेळा काहीच घडलं नाही, तरीही निर्णय बरोबरच होता. हा हिशेब लोकप्रतिनिधींना आणि वार्ताहरांना हंगामाआधी समजावून सांग. पूर हुकल्यावर सांगितलास तर ती सबब वाटते.

निरोप पोचला म्हणजे माणूस निघाला, असं नसतं. आजच्या बांगलादेशात 1970च्या चक्रीवादळात किमान 3 लाख लोक मेले. 2020च्या अम्फानमध्ये तिथला आकडा काही डझनांत राहिला. वादळं सारखी नव्हती, पण मधल्या काळात 1972पासून गावोगाव स्वयंसेवक तयार झाले, ते आज 70 हजारांहून जास्त आहेत. निवारे बांधले गेले, गुरांसाठी उंचवटे केले गेले. गुरं मागे सोडून जायची असतील तर घरातलं कोणीतरी मागे राहतंच. बायकांना निवाऱ्यात वेगळी जागा आणि शौचालय आहे का, अपंग माणसाला उचलून न्यायला कोण येणार, हे प्रश्न आराखड्याच्या परिशिष्टात ढकलू नकोस.

पैशाचंही आधी ठरव. अंदाजाच्या आकड्याला निधी जोडलेला असला की पाणी चढण्याआधी रक्कम सुटते. नाहीतर पंचनामे होईपर्यंत कुटुंबाने बी-बियाणं, जनावरं विकलेली असतात.

तटबंधांबद्दल सावध राहा. बंध बांधला की त्याच्या आडोशाने वस्ती वाढते, आणि तो फुटतो तेव्हा पूर्वीपेक्षा जास्त माणसं पाण्यात असतात. बंधाला मंजुरी देताना त्यामागच्या जमिनीवरचे बांधकामाचे नियम त्याच ठरावात घाल. देखभालीचा वार्षिक खर्चही त्यातच. सप्टेंबर 2023मध्ये लिबियातल्या देर्ना शहराच्या वरची, 1970च्या दशकातली दोन धरणं एका रात्रीत फुटली आणि हजारो माणसं गेली. त्यांच्या दुरुस्तीची गरज अनेक वर्षं माहीत होती.

धरणांत आणखी एक भांडण असतं: वीज आणि सिंचन पाहणाऱ्यांना जलाशय भरलेला हवा, पूर सांभाळणाऱ्यांना रिकामा. कोणत्या तारखेला किती जागा मोकळी ठेवायची आणि तो नियम मोडायची परवानगी कोण देणार, याची लेखी नोंद नसेल, तर ऐन आवक वाढल्यावर एकदम मोठा विसर्ग सोडायची वेळ येते.

आपत्तींची जोखीम कमी करण्यासाठी देशांनी 2015मध्ये स्वीकारलेल्या सेंदाई आराखड्यात नुकसानीच्या नोंदींवर भर आहे. तुझ्या नोंदवहीत लहान घटनाही घे. दोन घरं वाहून नेणारा नाला दहा वर्षांत पाच वेळा दिसला, की मोठा पूर कोणत्या गल्लीत शिरेल ते कळतं.

पहिल्या आठवड्यात सध्याचा आराखडा काढ आणि त्यातल्या दूरध्वनी क्रमांकांवर रात्री दोन वाजता फोन करून बघ. किती उचलले गेले, ते मला कळव.

तुझा,
मार्गदर्शक