प्रीमियर पद्मिनी या जुन्या कारमध्ये एमपीएफआय इंजिन (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) बसवायचंय, जुनी टाकी-पाईप चालतील का?

टाकी चालेल, पण पंप आणि पाईप बदलावेच लागतील. मी गॅरेजमध्ये वायरिंगचं काम करतो, त्यामुळे हे रोज बघतो. कार्बोरेटरचा मेकॅनिकल पंप साधारण पाव बार प्रेशर देतो आणि इंजेक्टरला साधारण ३ बार लागतं, म्हणून इलेक्ट्रिक पंप, हाय प्रेशर होज, बहुतेक इंजिनांना टाकीत परत जाणारी रिटर्न लाईन लागते. आणि टाकीत बॅफल (पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आत असलेला आडवा पत्रा) नसेल तर वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो. इंजिन ज्या गाडीचं घ्याल त्याच गाडीचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), अख्खं हार्नेस (वायरिंगचा संच) आणि इमोबिलायझर (खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न करणारं कुलूप) असेल तर चावीसुद्धा घ्या, नाहीतर स्टार्टच होणार नाही. फक्त आरटीओची परवानगी आधी काढा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली ती लागतेच.